धोंडी कुणाच्या कुशीत निजणार

दिघीच्या बंदरात आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर पाण्यात उभी राही आणि आपण पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. पावसाळ्यापूर्वीची ती शेवटची बोट होती. त्यानंतर दर्या निवळेपर्यंत बोटी बंद. मी ट्रंक पडावात चढवली, पण स्वतः चढेना, तसा पडाव हाकणारा तांडेल ओरडला, "चला ओ बालिष्टर! बोट काय तुमच्यासाठी नांगरून न्हाय ठेवली!" पडावातले सगळे हसले. माझी आई हसली नाही. ती पाण्यात शिरली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला जे हवं होतं ते अखेर बोलली, "पोर तिच्या आयशीच्या कुशीतच निजंल. तुझी आण. आता जा."

त्या वाक्याच्या भरवशावर मी मुंबईला आलो. ते वाक्य मला मागून का घ्यावं लागलं, हे आधी सांगायला हवं. मला ते नीट सांगता येईल की नाही, शंका वाटते. आमच्या घरात इंग्रजी शिकलेला मी पहिला. कॉलेजात निबंध लिहितो, पण घरचं लिहायला बसलो की हात अडतो.

आमचं पहिलं मूल मुलगा होता. महिना-दीड महिन्याचा असताना एका सकाळी तो माझ्या बायकोच्या, भागीच्या, शेजारी गार पडलेला सापडला. ताप नव्हता, रडणं नव्हतं. श्रीवर्धनच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. गावाला मात्र सांगता आलं. भागी भाताच्या झोडणीनं दमलेली होती, झोपेत तिच्या अंगाखाली आलं असणार, असं बायका म्हणाल्या. काही म्हणाल्या, तिची कूसच वाईट. भागीला आई नव्हती, माहेर नावापुरतं. ती कुणापाशी रडायला गेली नाही.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिला सुपात घातलं आणि कोंड्याच्या बदल्यात विकलं. एक मूल गेलं की पुढच्याला असं विकायचं, म्हणजे नजर लावणाऱ्याला वाटावं की हे त्या आईचं नव्हेच. विकत घेणारी सहसा शेजारीण असते. आमच्याकडे माझ्या आईनंच मूठभर कोंडा दिला आणि नात घेतली. नावही तसलंच, धोंडी. दगडधोंड्याला कोण नेतो! मी तेव्हा भिंतीला टेकून हसत होतो. मला तो खेळ वाटला. आईला तो खेळ नव्हता, हे मला कळायला हवं होतं का? अजून ठरवता येत नाही.

पोर रात्री आपल्याच अंथरुणात निजवायची, असं आई म्हणू लागली होती. निघायच्या आदल्या दिवशी भागी गोठ्याशी मला म्हणाली, "आयस्नी सांगून जा. पोर माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या म्हनावं. माझं कुनी ऐकायचं न्हाय." म्हणून मी आईच्या मागे लागलो आणि शेवटी बंदरावर तिनं शब्द दिला.

मुंबईत मी लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहत होतो. सगळे गिरणीत. पाळीवरून आलेला माणूस ज्या चटईवर पडे, तिच्यावरून दुसरा नुकताच उठलेला असे. मी गॅलरीत बसून लॉजिक वाचत असे. मनात मात्र घरची माजघरातली जागा होती, भागी एका अंगावर वळलेली आणि तिच्या हाताच्या बेचक्यात धोंडी. पावसाळाभर गावाकडून शाळामास्तरांच्या हातची कार्डं येत, सर्व खुशाल, मूल खुशाल. ते खोटं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. दुपारची वेळ होती. आई पडवीत घोंगडीवर आडवी होती आणि धोंडी तिच्या पोटाशी निजली होती. भागी आत तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आजी नातीला थोडा वेळ सांभाळते आहे. तेवढ्यात धोंडी उठून रडू लागली. आईनं हाक मारली, "भागे, ये, पाज हिला." भागी आली, भिंतीला टेकून ताठ बसली, पाजलं, आणि मूल पोटाला चिकटून पेंगायला लागताच तिनं ते परत आईकडे दिलं. धोंडीही आनंदानं आजीच्या अंगावर गेली. मुलीनं आईकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी विचारलं, "हे कधीपासून?"

वडील दोरी वळत होते. ते म्हणाले, "तू गेलास तवापासून. आल्या आल्या भांडू नको. हातपाय धू."

"आये, तू माझी आण घेतली होतीस."

"व्हय, घेतली," आई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "आन मोडली. त्याचं पाप माझ्या डोक्यावर. पोर जित्ती हाय का न्हाय, ते बग."

धोंडी तिच्या मांडीवर हातपाय उडवत होती, चांगली गुबगुबीत. आईनं पुढे एवढंच म्हटलं, "कोंडा दिऊन घेतलीया मी तिला. तुज्यासमोर घेतली. तवा हसत व्हतास."

मला वाटलं, निदान भागी माझ्या बाजूची असेल. मी तिला विहिरीवर गाठलं आणि म्हटलं, तुझ्याकडून पोर ओढून घेतली तेव्हा तू ओरडली का नाहीस, मास्तरांकडून मला कार्ड का घातलं नाहीस. तिनं घागर खाली ठेवली.

"वढून कुनी घेतली? मीच दिली."

"तू?"

"तुमी बोटीत बसलात, त्याच रातीला. डोला लागला की पोरगा दिसायचा. मी उठून आयच्या आंथरुनात नेऊन ठेवली तिला. आय घ्यायला तयारच व्हत्या."

माझ्यासाठी ते सगळ्यात कठीण होतं. आईनं शब्द मोडला, वडील गप्प राहिले, ते एक वेळ समजतं. पण जिच्यासाठी मी शब्द मागितला, तिनंच तो पहिल्या रात्री परत करावा, आणि चार माणसांनी मिळून मला 'सर्व खुशाल' कळवावं! मी तिच्याशी बरेच दिवस धड बोललो नाही. सुट्टी संपल्यावर मी हट्टानं दोघींना बरोबर घेऊन निघालो. आई बंदरावर आली नाही. घराच्या उंबऱ्यातूनच म्हणाली, "दात येऊ दिले असतेस तर मीच दिली असती." दात आले की पोराचा धोका टळला, असा तिचा हिशोब.

लालबागलाच एका चाळीत आम्हांला टोकाची छोटी खोली मिळाली. सकाळी कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या. मुंबईत शिकलेली माणसं आहेत, ती तरी भागीला सांगतील की तुझी कूस वाईट नाही, अशी माझी आशा होती. चाळीत बाळंतिणींना तपासायला एक नर्सबाई यायच्या. त्यांनी विचारलं, "बाळ कुठं झोपतं?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आईच्या कुशीत."

"नको हो," त्या म्हणाल्या. "दमलेली बाई, मेल्यासारखी झोपते. मूल अंगाखाली यायचं. जवळच झोळी बांधा."

त्या गेल्यावर भागी माझ्याकडे बघत राहिली. "बगा," ती म्हणाली, "तुमची मुंबईबी आयच्याच बाजूची निघाली."

ती हसत होती की काय, मला कळलं नाही. ज्या शिक्षणासाठी मी गाव सोडलं, त्यानं इतक्या सहज आईला दुजोरा दिला! नर्सबाईंना मी मागच्या मुलाबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, असेलही, नसेलही. काही मुलं आपोआपही जातात. म्हणजे इथेही कुणाला ठाऊक नव्हतं.

झोळी बांधली. पण मग माझ्या लक्षात आलं की भागी झोपतच नाही. झोळीच्या दोरीला हात लावून बसून राहते. भाकरी तव्यावर करपायची आणि ती तिथेच बसल्या बसल्या डुलायची. गावीही असंच चालू असणार. मूल दुसऱ्याच्या अंथरुणात दिल्यावर तरी तिला झोप लागली असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

एका रविवारी दुपारी मी म्हटलं, "धोंडीला जवळ घे आणि नीज. मी जागा आहे."

"तुमचं ध्यान पुस्तकात ऱ्हातं. मला ठावं हाय."

"पुस्तक मिटतो."

"मग पास कसे व्हनार?" असं म्हणत ती आडवी झाली. धोंडीला आता दोन दात आले होते, ती आईच्या चोळीचं टोक चावत राहिली. भागीनं दोनदा डोळे उघडून मी जागा आहे का ते पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही. खाली गल्लीत कल्हईवाला ओरडायला लागला, तेव्हा मी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसलो. काही केलं नाही, नुसता त्या दोघींच्या श्वासाकडे बघत बसलो.

तेव्हापासून रविवारची दुपार आमच्याकडे अशीच असते. गाववाले विचारतात, घरी कधी जाणार? सांगता येत नाही. मला घर म्हटलं की आता ती लोटलेल्या दाराची खोली दिसते. मन मात्र पुन्हा पुन्हा गावच्या पडवीत जातं. बरीच माणसं होतो आम्ही तिथं. उखळाशी, गोठ्यात, शेतावर एकमेकांचं काम उचलणारी.

आये, हे कुणीतरी तुला वाचून दाखवील. तू माझी पोर जगवलीस असं गाव म्हणतं. खरंही असेल, मला ठाऊक नाही. पण मूल उचलून न्यायला तुम्ही सगळे तयार होता. भागीच्या उशाशी बसून 'तू निज गं, आम्ही बघतो' एवढं म्हणायला त्या घरात एकही माणूस निघालं नाही.