लाकूड नसलेलं झाड

कापलेल्या केळीच्या चिकाचा तुरट वास आला की मला आमच्या गावच्या गणपतीतली ती सामान्यज्ञान स्पर्धा आठवते आणि तोंड कडू होतं. प्रश्न विचारायला शहाद्याहून एक कोटवाले पाहुणे आणले होते. घामाने निथळत, मोबाइलवर आलेली माहिती ते वेद वाचावेत तशी वाचत होते. "लाकूड नसलेलं झाड कोणतं?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे मजुरीने केळी कापणारी एक बाई उठली. "केळ. इळा मारा की नुसतं पाणी निंघस, लाकूड कुठे शे?" पाहुणे हसले. "चूक! बरोबर उत्तर बांबू." आणि बांबूंवरच उभ्या असलेल्या मांडवात बसून अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या! पुढच्या रांगेत सगळे केळीचे बागायतदार होते, जन्म केळीत गेलेले. एका कोटापुढे त्यांची अक्कल गहाण पडली. बाई खाली बसली. पाहुण्यांना काय नावं ठेवायची, तो पढवलेला पोपट. फळ्यावर गुण लिहायला मी होतो, केळीच्याच पैशावर शिकलेला, आणि तिच्या नावापुढे शून्य मीच काढलं, चांगलं गोल, ठळक.