बाबांचं तोंड उगवतीकडे

चूक माझी होती. हे वाक्य म्हणायला मला आठ महिने लागले आणि त्यासाठी वारज्याहून मांजरीपर्यंत जावं लागलं. म्हणून हे प्रवासवर्णन. हिमालय, युरोप वगैरे पाहून आलेल्यांनी कृपया हसू नये. मे महिन्याच्या उन्हात दोन डझन आंब्यांची पेटी मांडीवर घेऊन ज्यांनी हे शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसने ओलांडलं आहे, त्यांनाच या साहसाची कल्पना येईल.

आधी चूक सांगतो. आमच्या दफनभूमीत माणसाचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू परत येईल तो उगवतीकडून, आणि मेलेले उठून बसतील तेव्हा त्यांचं तोंड त्याच्याकडे असावं, ही त्यामागची आशा. क्रूस डोक्याशी उभा करतात. माझे वडील शाळामास्तर. प्रभूचं येणं त्यांनी शाळातपासणीसारखं मनावर घेतलं होतं: तारीख माहीत नाही, तेव्हा वह्या रोज तयार हव्यात. कुणाशी वाजलं, की दिवस मावळायच्या आत चपला घालून त्याच्या दारात हजर. म्हणायचे, ‘‘उद्या सकाळी प्रभू आला तर कुठल्या तोंडाने उभा राहू?’’ हा गुण माझ्यात उतरला नाही. मी त्यांची फक्त दाढदुखी घेतली.

गेल्या वर्षी त्यांच्या कबरीवरचा क्रूस तडकला. थोरल्या बहिणीने, करुणाताईने, बजावलं होतं, ‘‘काम चालू असताना तू तिथे उभा राहा.’’ मी ऑफिसात खुर्चीवर बसून फोनवर उभा राहिलो. किसन मिस्त्री तीस वर्षं आमच्या दफनभूमीत गवंडीकाम करत होते. त्यांना म्हणालो, ‘‘नवा क्रूस पायवाटेच्या बाजूला घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव दिसलं पाहिजे.’’

‘‘साहेब, तिकडं मास्तरांचे पाय हायेत.’’

‘‘सांगतो तेवढं करा.’’

त्यांनी सांगितलं तेवढं केलं. बाबांच्या स्मृतिदिनी ताई फुलं घेऊन गेली आणि तिथूनच तिचा फोन आला. ‘‘अरे, क्रूस पायाशी! बघणाऱ्याला वाटेल बाबांचं डोकं पूर्वेला आहे. म्हणजे उठून बसले की प्रभूकडे पाठ आणि तोंड तुझ्या वारज्याकडे. वारजं इतकं बघण्यासारखं आहे का?’’

देवाला दिशा कळतात, हे ताईलाही माहीत आहे. पण बाबांनी जन्मभर जे धरून ठेवलं, ते मी एका फोनमध्ये फिरवलं होतं. रविवारी उपासनेनंतर पंचांनी (चर्चचा कारभार पाहणारे) सगळ्या मंडळीसमोर (म्हणजे सभासदांसमोर) विचारलं, हे कसं झालं? मी उभा राहून म्हणालो, ‘‘मिस्त्रीने गोंधळ घातला.’’ इतक्या सहज म्हणालो की मलाच कौतुक वाटलं. किसन मिस्त्रींचं दफनभूमीतलं काम बंद झालं. नवा माणूस मिळेपर्यंत क्रूस तसाच ठेवायचं ठरलं, आणि नवा माणूस शोधायचं काम एका उपसमितीकडे गेलं, म्हणजे कुणाकडेच नाही.

यंदा स्वर्गारोहणाचा दिवस आला. तो इस्टरपासून चाळिसावा, नेहमी गुरुवारी येतो आणि त्याला सुट्टी नसते. नाताळला जिथे उभं राहायला जागा नसते, त्या चर्चमध्ये सकाळी आम्ही अकरा जण होतो, पाळकसाहेब धरून. त्या दिवसाची गोष्ट वाचली गेली: प्रभू ढगाआड गेला, शिष्य वर बघत राहिले, तेव्हा पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी त्यांना हटकलं, की वर काय बघत उभे आहात, तो गेला तसाच परत येणार आहे. ‘‘थोडक्यात, तोवर कामाला लागा,’’ असं सांगून पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा जणांत कुणाकडे तरी पाहावंच लागतं. पण मला ते पुरलं. घरी आलो, रजा टाकली, आंबे घेतले आणि निघालो.

बसमध्ये शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या.

‘‘पेटी खाली ठेवा की. का आंब्यांना बाहेरचं बघायचंय?’’

मी पेटी खाली ठेवली.

‘‘कुणाकडे?’’

‘‘एकांची माफी मागायचीय.’’

‘‘किती डझन आहेत?’’

‘‘दोन.’’

‘‘मग मोठंच काहीतरी केलेलं दिसतंय,’’ असं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

हडपसरला बस बदलायची होती. उड्डाणपुलाखाली उतरलो आणि मांजरीचा बोर्ड दिसतो का म्हणून मान वर करून बघत राहिलो. मागून एक कंडक्टर म्हणाला, ‘‘अहो, वर काय बघत उभे राहिलात? मांजरीची बस वरून येत नाही.’’ त्याचे कपडे पांढरे नव्हते, पण सकाळपासून हाच प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. मी निमूट त्याने दाखवलेल्या बसमध्ये चढलो. चढताना पेटी दारात आपटली आणि उरलेल्या वाटेवर सगळ्या बसला आंब्यांचा वास येत राहिला.

मांजरीत एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला चौदा मजली इमारती. ऊस खाली बघून वाढतो की वर, हा विचार करण्याइतका मी घाबरलो होतो. रसाच्या गुऱ्हाळात आलं-लिंबू घातलेला रस घेतला आणि पत्ता विचारला.

‘‘किसन मिस्त्री? ते चर्चवाल्यांनी काढलेले? कबरीचा कायतरी घोळ केला म्हणं त्यांनी. तवापासनं लोक घरची पायरी बांधाया बी बोलवीनात. तिकडं, पाण्याच्या टाकीमागं.’’

माझं खोटं माझ्याआधी मांजरीला पोचलं होतं. त्याला बसही बदलावी लागली नव्हती. अर्धा रस तसाच ठेवला.

मिस्त्री अंगणात स्वतःच्याच ओट्याला गिलावा करत होते. मला पाहून त्यांचा हात थांबला नाही. त्यांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या दिला. ‘‘बसा दादा. आंबे कशापायी?’’

बसमध्ये घोकलेलं लांबलचक भाषण ऐनवेळी कुठेतरी सांडलं. ‘‘मिस्त्री, माझं चुकलं,’’ एवढंच आलं.

‘‘ते मला ठाऊक हाय,’’ ते भिंतीकडे बघत म्हणाले. ‘‘मला कशाला सांगायला आला एवढ्या लांब? मंडळीत बोलला व्हता न्हवं? मग तिथं बोला. हितं काय, मी न् ही भिंत.’’

मला हेच चुकवायचं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, आंब्यांच्या साक्षीने, गुपचूप माफी मागून मोकळं व्हायचं, असा माझा बेत होता.

‘‘न् मास्तर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अजून तसेच.’’

तेव्हा मात्र त्यांनी थापी खाली ठेवली. ‘‘आठ महिनं? आवं, तुमचा देव मधीच आला असता म्हंजी?’’

त्या अंगणात बाबांइतकीच तयारी असलेला माणूस एकच होता आणि तो आमच्या मंडळीचा नव्हता.

‘‘ह्या रविवारी तिथं बोला. मग म्या येतो क्रूस फिरवायला. आंबे माघारी न्या.’’

‘‘आंब्यांनी काय केलंय?’’ त्यांच्या पत्नी म्हणाल्या आणि पेटी आत घेऊन गेल्या.

परतीची बस पश्चिमेला तोंड करून चालली होती. वारज्यापर्यंत मावळतीचं ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. ना पुढचा रस्ता दिसत होता, ना समोर बसलेल्या माणसाचा चेहरा. आठ महिने बाबांना मी काय बघायला बसवलं होतं, ते तेव्हा कळलं. प्रभू येणार म्हटलं की मला लहानपणापासून धडकी भरते. बाबांना आनंद व्हायचा. मला वाटायचं त्यांचा विश्वास मोठा. तसं नसावं. त्यांची कुणाकडे माफी मागायची राहिलेली नसायची, एवढंच.

रविवारी सूचना वाचून झाल्यावर मी उभा राहिलो. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. ताई पहिल्या बाकावर होती. शेवटच्या बाकावर किसन मिस्त्री होते, मांडीवर धुतलेली टोपी आणि पायाशी अवजारांची पिशवी ठेवून. गेल्या वेळी जिथून बोललो होतो, तिथेच जाऊन उभा राहिलो.

‘‘क्रूस त्या बाजूला घ्यायला मी सांगितलं होतं. मिस्त्रींनी मला अडवलं, मी ऐकलं नाही. मग इथेच उभा राहून मी खोटं बोललो, आणि त्यांचं काम गेलं, नाव गेलं.’’ मग शेवटच्या बाकाकडे तोंड केलं. ‘‘किसन मिस्त्री, मला क्षमा करा.’’