पाहणीतून निसटलेली बस

चारचाकी : एक. बसने ये-जा करणारे : कोणी नाही. खाली बाबांची सही.

अकोल्याच्या ऑफिसात हा फॉर्म माझ्या हातात आला तेव्हा आधी हसू आलं आणि मग डोकं तापलं. आमच्या घरी चारचाकी कधीच नव्हती. आणि माझी आई कित्येक वर्षं रोज सकाळच्या बसने अमरावतीला जात होती, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि शेवंतीची फुलं घेऊन. गाव चांदूर बाजारच्या वाटेवर, थोडं आत. त्या बसशिवाय आईचा माल वेळेत पोचत नाही, आणि ऊन चढल्यावर फुलं कोणी विचारत नाही.

आमच्या ऑफिसकडे तेव्हा अमरावती आणि आसपासच्या गावांच्या वाहतुकीचा आराखडा होता. गाड्या कमी, विजेवरच्या बस जास्त, पायी चालणाऱ्याला जागा, सायकलला रस्ता. कागदावर सगळं हिरवंगार. जुन्या बस हळूहळू बंद करायच्या आणि नव्या कुठल्या गावांना द्यायच्या ते घरोघरच्या पाहणीवरून ठरवायचं. मी या कामावर जीव लावला होता. मीटिंगला मात्र आम्ही सगळे अमरावतीला सरांच्या गाडीतून जायचो, हेही सांगून टाकते.

लगेच बाबांना फोन लावला.

"बाबा, आपल्या घरी चारचाकी कधी आली?"

"मामाच्या पोराची उभी होती ना गोठ्यापुढं. थेच सांगतली."

"आन आई बसनं जाते, थे काहून नाही सांगतलं?"

"अनोळखी मानूस घरी येते, खांद्याले झोळी, इचारते शेती किती, गाडी कोनती, घरची बाई कुठं जाते. मले वाटलं पोरीकडचा हाय. त्याले का सांगू, पोराची माय टोपलं घेऊन बसमंदी उभी राहते मनून?"

मी डोक्याला हात लावला. माझ्या भावाचं तेव्हा जमवणं सुरू होतं. आमच्याकडे पोरीकडचे लोक सोयरिकीआधी असाच कोणीतरी तिऱ्हाईत माणूस गावात धाडतात. तो ओट्यावर बसतो, पाणी मागतो, आणि बोलता बोलता शेती, गाडी, घरचे कामधंदे सगळं काढून घेतो. फॉर्मवरचे प्रश्न मी स्वतः लिहिले होते. आता पाहते तर एकूण एक प्रश्न त्या चौकशीतला. मी याच मुलखात लहानाची मोठी झाले आणि मला ते दिसलं नाही. पुण्याच्या माणसाने असा फॉर्म केला असता तर त्याला मी आठवडाभर हसले असते.

गावातले बाकीचे फॉर्म काढून पाहिले. ज्या ज्या घरी लग्नाचा पोरगा, त्या त्या घरी चारचाकी. आमच्या एवढ्याशा गावात इतक्या गाड्या असत्या तर बैलांना उभं राहायला जागा उरली नसती. वर पाहणी झाली भर दुपारी. बसने जाणाऱ्या बाया तेव्हा अमरावतीच्या बाजारात बसलेल्या, घरी फक्त पुरुषमंडळी. म्हणजे जिच्यासाठी बस, तिला कोणी विचारलंच नाही.

मी सुट्टी टाकून गावी गेले आणि आईसोबत त्या बसने अमरावतीला आले. बसायला जागा नव्हती. मधल्या वाटेत टोपली, टोपल्यांवर गाठोडी, आणि त्यातून कंडक्टर पाय कुठे ठेवू म्हणून ओरडतोय. आई दाराशी एका हाताने दांडी आणि एका हाताने फुलं सांभाळत उभी. मी फोटो काढले, टिपणं केली आणि सरांसमोर ठेवली.

सर म्हणाले, "हे तुमचं निरीक्षण झालं. पाहणीत आलंय का?"

"पाहणीच चुकली आहे, सर."

"सही आहे ना फॉर्मवर? मग गावकऱ्यांनी लेखी हरकत घेऊ द्या. मुदत आहे अजून. आपल्याकडून परत पाहणी होणार नाही."

म्हणजे बाबांनी लिहून द्यायचं, की आमच्या घरी गाडी नाही. तो कागद पंचायतीच्या फळ्यावर लागणार. आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलेलं.

"मी नाही लिहून देत," बाबा म्हणाले. "पोराचं लगन जमून राहिलं, तू काहून मोडून राहिली?"

मला बाबांचा राग आला, पण आईचा जास्त आला. चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. मी म्हटलं, बस तुझी आहे, तू तरी बोल. तिने भाकर उलटली आणि म्हणाली, "लगन होऊन जाऊ दे माय. बसचं पाहू मंग."

मंग काय पाहणार होती? मुदत लग्नासाठी थांबणार नव्हती. खरं सांगायचं तर हरकत मलाही लिहिता आली असती. मीही त्याच घरची. कागद दोनदा टेबलावर घेतला, आणि भावाचं तोंड आठवून दोनदा ठेवून दिला. मुदत गेली. आराखडा मंजूर झाला. मुखपृष्ठावर हिरवं पान होतं, आतल्या यादीत आमचं गाव नव्हतं.

लग्न थाटात झालं. मामाच्या पोराने गाडी परत नेली. थोड्या दिवसांनी सकाळची बस बंद झाली, आमच्याच अहवालाचा आधार देऊन.

त्यानंतर एका रविवारी वहिनीचा फोन आला. वहिनी अमरावतीला एका दवाखान्यात नर्स आहे. लग्नानंतर नोकरी सोडायची नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं. आईला, म्हणजे सासूला, ती आमच्याकडच्या रीतीने आत्या म्हणते.

"ताई, मी आन आत्या सकायी फाट्यापर्यंत पायी जातो. कवा आटो भेटते, कवा नाही भेटत. काल आत्याची फुलं तशीच वापस आनली. मले दवाखान्यात बोलनी बसली, नोकरीचं काही खरं नाही."

मी म्हटलं, बाबांनी पाहणीवाल्याला गाडीचं खोटं सांगायला नको होतं.

"गाडी कोनाले पाहिजे होती ताई? आमच्याकूनबी मानूस आला होता, त्याले मी एकच गोष्ट इचारून ये मनलं होतं, गावाले सकायची बस हाय का. बाबा त्याले मनले, बस कायले पाहिजे, घरी गाडी हाय. मी तरी हो मनलं, कारन बस हाय हे मले दवाखान्यात येनाऱ्या तुमच्या गावच्या बायांनी सांगतलं होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बसचं काम तुमच्याच ऑफिसनं केलं ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "फॉर्मही मीच लिहिला होता."