संदीप तीन महिन्यांनी खेळायला आला आणि मी जळलो

मंडळी, शेवटच्या लेव्हलनंतर या गेममध्ये काही उरत नाही, रोज तीच गुहा, तोच ड्रॅगन, अशी सगळ्यात मोठी बोंब या कम्युनिटीवर मीच मारतो. म्हणून हे मलाच कबूल करावं लागणार.

आमच्या टीममधला सायखेड्याचा संदीप द्राक्षांचा सीझन लागल्यावर खेळ सोडून गेला होता. आज दुपारी नाशिक रोडच्या सायबर कॅफेत उगवला, माझ्या शेजारीच बसला.

पहिल्याच राक्षसाने त्याला मारलं. पठ्ठ्या खदाखदा हसला! परत गेला, परत मेला, परत हसला. मी मात्र एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून तोच ड्रॅगन मारत होतो.

"एवढे दिवस करमलं कसं रे?" मी विचारलं.

"माल काढल्यावर बागेला पण विसावा देतो आम्ही, लगेच छाटत नाय. मी तं माणूस हाय."

त्याची लेव्हल कमी, चिलखत जुनं, तरी जळलो मी. गेमला शिव्या मी घातल्या आणि सुट्टी त्याने घेतली! तो पुढे जाईल या भीतीने मी एक दिवस चुकवला नाही, आणि तो बागेत होता.

खरं सांगा, गेमला नावं ठेवत आज कोण कोण लॉगिन झालंय? हे लिहितानाही मी ड्रॅगनपाशीच उभा आहे.