नाव न घेता

लुसेआनेने फोआ बेटावरच्या शाळेचं वाचनालय अठरा वर्षं सांभाळलं. मग ती राजधानीत जाऊन मुलांचं ऐकून घ्यायला पंधरा दिवस शिकून आली आणि वाचनालयामागची खोली तिला मिळाली. मन जड झालेल्या मुलांनी तिथे येऊन बोलावं. मुलं यायची, ती मधे तोंड घालत नसे.

नववीतली तेउसिला एकदा म्हणाली, "मावशी, सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले."

तिची आई न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेली. घरी फक्त आजोबा.  शिकवलेलं सगळं लुसेआनेने केलं. मुख्याध्यापिकेला आणि आजोबांना सांगितलं, राजधानीतल्या समुपदेशक बाईंचा फोन पुढच्या गुरुवारी ठरवला. पण बुधवारी चर्चमधल्या पहाटप्रार्थनेत तिला राहवलं नाही. दुसऱ्याचं दुःख देवापुढे न ठेवणारी बाई त्या गावात दगडच.

"नाव घेत नाही," ती म्हणाली, "पण एका पोरीला जगणं नकोसं झालंय. आई परदेशी आहे. तिच्यासाठी मागा."

पाळकीणबाईंनी डोळे पुसले. चाळीस घरांच्या गावात अशी पोर एकच होती.

रविवारी पाळकांनी तेउसिलाला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं. बायका हुंदके देत तिच्या डोक्यावर हात ठेवत होत्या, गालांचे मुके घेत होत्या. पोर लाकडासारखी उभी. तिने एकदाच लुसेआनेकडे पाहिलं. लुसेआनेने मान खाली घातली ती घरी पोचेपर्यंत वर केली नाही.

सोमवारी तेउसिला खोलीत आली नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी लुसेआने प्रार्थनेला गेलीच नाही. क्षमा मागायची रीत असते तशी तिने फाटकी चटई कमरेला गुंडाळली, गळ्यात पानांची माळ घातली आणि ती तेउसिलाच्या अंगणात मातीत बसली.

पोर बाहेर आली. "उठा."

"आजोबांना बोलाव. ते माफ करेपर्यंत मी हलायची नाही."

"आजोबा वाडीत गेलेत. आणि कुंपणापलीकडे बघा. फुसीकाकू मघापासून तोच एक परकर वाळत घालतेय."

"मी चुकले गं. मला लाज वाटते."

"वाटते ना? मग घरी ठेवा ती. इथे मांडलीत की संध्याकाळपर्यंत गाव म्हणेल, लुसेआनेचं मन किती मोठं. तुम्ही सुटाल. मी राहीन तीच, जगणं नकोसं झालेली."

लुसेआनेने मातीत हात टेकले. ती उठली. माळ काढताना पानं केसांत अडकली. पोरीने हात लावला नाही.

"उद्याचा फोन..." लुसेआने कशीबशी म्हणाली.

"घेईन. तुम्ही खोलीत नसाल."

"नाही."

"दाराला कान लावूनही नाही."

"नाही गं."

कुंपणावरून फुसी ओरडली, "काय गं लुसेआने, कुणाचं काय बिघडवलंस?"

"चटई परत द्यायला आले होते."

"अंगावर नेसून?"

लुसेआनेचा चेहरा कानापर्यंत तापला. ती चटई सावरत चालू लागली.

गुरुवारी तेउसिला फोनवर बसली आणि खोलीचं दार लागलं. थोड्या वेळाने आतून हुंदका आला. लुसेआनेचा हात कडीकडे गेला. तिने तो मागे घेतला, दाराजवळचं बाक धरलं आणि फरफटत पार पाण्याच्या टाकीपाशी नेलं. तिथवर आतलं काही ऐकू येत नव्हतं.

पाणी प्यायला आलेल्या मुली म्हणाल्या, "मावशी, सावली सोडून उन्हात कशाला बसलात?"

"बसू दे," ती म्हणाली. "आणि त्या बाजूला जाऊ नका."