पुढची गाडी विश्वंभररावांची

हिंगोलीच्या विश्वंभररावांनी एसटीत ड्रायव्हरकी केली ती जवळजवळ सगळी नांदेडच्या रस्त्यावर. निवृत्त झाले, पण स्टिअरिंग सुटल्यावर हातांना चैन पडेना. मग त्यांनी जुनी मोटरसायकल धुऊनपुसून काढली, गाद्या-रजयांचं दुकान चालवणाऱ्या जहांगीरभाईंना पटवलं आणि पावसाळा सरत आला की गाड्या घेऊन दूर कुठंतरी जायचं, असा रिवाजच पाडला. शेजारचा पुष्कर आणि त्याची बायको जाई मागाहून त्यात सामील झाले. नियम विश्वंभररावांचे, म्हणजे एसटीचेच. पुढची गाडी त्यांची, तिला कोणी ओलांडायचं नाही. शेवटची गाडी जहांगीरभाईंची, तिच्या मागं कोणी राहायचं नाही. आणि कंडक्टरच्या घंटीसारखा मागून एक हॉर्न आला की थांबायचं, दोन आले की जाऊ द्यायचं.

यंदा सहस्रकुंडचा धबधबा बघायचं ठरलं, तेव्हा मात्र विश्वंभरराव धास्तावले. गेले काही महिने रस्ते त्यांच्याशी खोड्या करू लागले होते. दळण घेऊन येताना स्वतःच्याच गल्लीचं तोंड सापडेना. नरसीला दर्शनाला गेले, तर देवळाबाहेर आल्यावर हिंगोली कोणत्या अंगाला हेच उमजेना. शेवटी एका रिक्षाच्या मागं मागं घरी आले. हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्यातल्या मुलाचा, शौनकचा, ‘बाबा, आता गाडी विकून टाका’ हा धोशा आधीच चालू होता. या फेरीत जरा कुठं चुकलं की गाडी गेली. आणि गाडी गेली की आपण खुर्चीत बसवून ठेवलेलं म्हातारं, हे ते ओळखून होते. म्हणून त्यांनी रस्ता पाठ केला. कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाट्यावर डावीकडं, मग हदगाव, पुढं सहस्रकुंड. आंघोळीच्या वेळी स्तोत्र म्हणावं तसं रोज म्हणायचे. बायको, मिनाताई, एकदा न्हाणीच्या दाराशी थबकल्या, ऐकलं आणि निघून गेल्या.

निघाले त्या सकाळी सगळे खुशीत होते. पुष्करनं नवी, डोंगरदऱ्यांतून हिंडायची म्हणतात तसली उंच गाडी घेतली होती. दोन्ही अंगांना पत्र्याच्या पेट्या, आणि वर बसला की स्वारीचे पाय जेमतेम जमिनीला टेकायचे. जाईलाही चालवायची हौस, पण तिला तो हँडलला हात लावू देईना. कळमनुरीच्या पुढं फोटोसाठी कडेला थांबला, तर गाडी ओल्या काळ्या मातीत आडवी झाली. सगळ्यांनी मिळून ती उभी केली, पण पेटीतला चिवडा मातीला मिळाला. त्या शरमेनं पुष्करनं किक-बिक न शोधता बटण दाबलं आणि सुटला, तो जाईला तिथंच ठेवून! चांगला कोसभर तो हेल्मेटातून तिच्याशी बोलत होता. तिला मागं बसवून आणलं ते जहांगीरभाईंनी.

“बायको मागं न्हाई हे कळलं न्हाई व्हय रे तुला?” विश्वंभररावांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

“बोलत नव्हती, काका. मला वाटलं रागावली.”

“तेव्हा नव्हते,” जाई म्हणाली. “आता रागावले.”

त्या हसण्यातच वारंगा फाटा आला. रस्ता केवढा रुंद झालेला, मधोमध दुभाजक, आणि ओळखीचं चहाचं हॉटेल कुठं दिसेना. डावीकडं की उजवीकडं? न्हाणीतलं सगळं पाठांतर पुसून गेलं. थांबावं तर मागचे विचारणार, काय झालं. तेवढ्यात हातांनीच काम उरकलं. वर्षानुवर्षं इथून नांदेडला वळलेले हात उजवीकडं वळले.

वळल्याबरोबर त्यांचा जीव भांड्यात पडला. आरशात पाहिलं, तर पुष्कर-जाई मागं, त्यांच्या मागं जहांगीरभाई. चुकलं असतं तर कोणीतरी बोललंच असतं की! पण जरा पुढं गेल्यावर दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या. हदगावच्या वाटेवर इतकी केळी होती? की ती अर्धापूरला? की हल्ली सगळीकडंच लावतात? पुन्हा आरसा, पुन्हा सगळे शिस्तीत मागं. मग बरोबरच असेल. पण मग हे वळण इतकं ओळखीचं का वाटतंय? आपण चुकलोय की आपल्याला उगाच तसं वाटतंय, याचा काही केल्या उलगडा होईना. शेवटी रस्त्याकडेला केळी विकणाऱ्या पारुबाईपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि सहज विचारल्यासारखं करून सहस्रकुंड किती राहिलं म्हणून विचारलं.

“सहस्रकुंड?” पारुबाईनं कपाळाला हात लावला. “तुमी तर पार उलटं येऊन राहिले, बाबा. हा नांदेडचा रस्ता.”

विश्वंभरराव पुष्करवर उखडले. “तुला कळलं न्हाई?”

पुष्कर हँडलवरच्या मोबाइलकडं बघत राहिला. “हा फाट्यापासून ओरडून राहिला होता, मागं वळा, मागं वळा. मी आवाज बंद केला.”

“मग पुढं येऊन सांगायचं काहून न्हाई?”

“पुढच्या गाडीला ओलांडायचं न्हाई. नियम तुमचाच हाये, काका.”

“जहांगीरभाई, तुमी तरी एक हॉर्न द्यायचा!”

जहांगीरभाई केळ सोलत होते. ते त्यांनी तसंच हातात धरलं. “बोट गेलं होतं बटणावर. पण दाबवलं न्हाई.” मग म्हणाले, “मिनावहिनी आल्या होत्या दुकानात. गादी भरायची म्हणून आल्या, पण गादीचं काही बोलल्याच न्हाई. म्हणल्या, हे न्हाणीत रस्ता पाठ करून राहिलेत, भाई. तुमी फक्त मागं राहा.”

विश्वंभररावांच्या कानशिलांना आग लागली. राग नेमका कुणाचा आला, बायकोचा, या तिघांचा की स्वतःचा, तेही त्यांना समजेना.

“म्हणजे मला खेळवत होते सगळे.”

“खेळवत कशाला? चुकून तुमी जाऊन जाऊन कुठं जाणार होते? आमी मागं होतोच ना!”

जाईनं पाण्याची बाटली पुढं केली, ती विश्वंभररावांनी घेतली नाही.

“मला रस्ते आठवत न्हाईत, भाई,” ते म्हणाले. तोंडानं म्हटलं ते पहिल्यांदाच. खिशातून किल्ली काढून त्यांनी जहांगीरभाईंपुढं धरली. “घ्या. शौनकला सांगा, विकून टाक म्हणावं.”

जहांगीरभाईंनी त्यांची मूठ किल्लीसकट मिटवली. आपल्या गाडीची किल्ली मात्र त्यांनी जाईच्या हातावर ठेवली. “घे, पोरी. शेवटची गाडी आता तुझी. कोणाला मागं राहू द्यायचं न्हाई.” आणि गुडघ्याची तकलीफ सांभाळत ते विश्वंभररावांच्या गाडीवर मागं जाऊन बसले.

“हे काय?”

“कंडक्टर ड्रायव्हरच्याच गाडीत असतो, ड्रायव्हरसाहेब. मीच इतकी वर्षं भलत्या गाडीवर बसून राहिलो. डाव्या खांद्यावर थाप पडली की डावीकडं, उजव्या खांद्यावर पडली की उजवीकडं. पाठीवर दोन पडल्या की सरळ जाऊ द्या. चला.”

“लेकरांपुढं मी रडून राहिलोय,” विश्वंभरराव पुटपुटले.

“पुढं बघा. मागच्यांना दिसत न्हाई.”

गाड्या माघारी फिरल्या. सगळ्यात मागं जाई होती, आणि तिच्यापुढं पुष्कर दर घडीला आरशात बघत चालला होता. केळीच्या बागा सरल्या आणि पुन्हा तोच फाटा आला. नांदेडहून येताना इथं रोज वळायचं ते कळमनुरीकडं, घराकडं. विश्वंभररावांचे हात आपसूक डावीकडं वळू लागले, तोच पाठीवर दोन थापा पडल्या.

त्यांनी गाडी सरळ काढली. हा रस्ता कुठं जातो ते त्या घडीला त्यांना आठवत नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.