तळहातावरचे दोन थेंब

आमच्या इथे अमेरिकेत, लुइव्हिलच्या महाराष्ट्र मंडळात एक काका आहेत. व्हिस्कीचा विषय निघाला, की ते खुर्ची पुढे ओढतात. "आमचा म्हातारा काय म्हणायचा, सांगू?" म्हातारा म्हणजे बर्बन ही इथली व्हिस्की गाळणाऱ्या जुन्या घराण्यातला नावाजलेला डिस्टिलर. काका म्हणे त्याच्या लॅबमध्ये होते. पण स्वतः एक घोटही घेत नाहीत. कोणी ग्लास पुढे केलाच, तर दोन थेंब तळहातावर घेऊन हात चोळतात, डोळे मिटून हुंगतात आणि ग्लास परत करतात. वर सांगतात, "म्हाताऱ्यानं शिकवलंय."

माझा काही विश्वास बसत नव्हता. न पिणारा माणूस बर्बनवाल्याचा इतका जवळचा? "डिस्टिलरीच्या टूरवर ऐकलेलं स्वतःचं म्हणून खपवतात यार," असं मी बायकोला म्हणायचो.

परवा म्हातारा गेला. काका शोकसभेला निघाले, तेव्हा "ड्राइव्ह मी करतो" म्हणालो. खरं तर तिथे त्यांना कोण ओळखतं, तेच मला बघायचं होतं.

आम्ही सगळ्यात मागे उभे राहिलो. म्हाताऱ्याची मुलगी बाटली घेऊन एकेकाला ग्लास देत आली. मला दिला. काकांना दिलाच नाही. मी मनात म्हटलं, सापडले!

तिनं काही न विचारता काकांचा हात धरला आणि तळहातावर दोन थेंब ओतले.

काकांनी हात चोळलेच नाहीत. मूठ मिटून घेतली.

गाडीचं दार मी उघडलं. त्यांचा सीटबेल्टही मीच लावला.